विमानतळालगतची जमीन: उंची दिल्ली ठरवते, वापर तुम्ही ठरवायचा

प्रश्न असा आला आहे: "आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीला लागून विमानतळ आहे. विकास आराखडा सुधारित करायचं काम सुरू झालंय. सभागृहात विमानतळाचा विषय निघाला की एकच उत्तर मिळतं, 'ते सगळं दिल्लीचं, आपल्या हातात काही नाही.' हे खरं आहे का? शिवाय एकाच रस्त्यावर एकाला सात मजले मिळाले आणि दुसऱ्याला चारच. लोक आम्हा नगरसेवकांकडे संशयाने बघतात. त्यांना काय सांगायचं?"

ताई, तुम्हाला मिळालेलं उत्तर अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं उत्तर ऐकून घेण्यात सगळ्यांचीच सोय असते. नगररचनेच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीच विमानतळांच्या आसपास. उंचीच्या बाबतीत दिल्लीचा शब्द शेवटचा, हे कबूलच. पण त्या उंचीच्या खाली काय उभं राहायचं, शाळा की गोदाम, दवाखाना की शेत, कचरा डेपो की खेळाचं मैदान, हे तुमच्या हातात आहे. आणि नेमका हाच अधिकार बहुतेक नगरपरिषदा वापरत नाहीत.

राज्यघटनेत विमानवाहतूक आणि विमानतळ हे विषय संघ सूचीत, २९ व्या नोंदीत आहेत. जमीन (नोंद १८) आणि स्थानिक स्वराज्य (नोंद ५) राज्य सूचीत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय नगररचनेचा आहे आणि दुसरा जमिनीचा वापर व इमारतींच्या बांधकामाचं नियमन. म्हणजे एकाच भूखंडावर दोन हुकूम चालतात. दोन्ही पाळावे लागतात, आणि टक्कर झालीच तर विमानाच्या सुरक्षेपुरता केंद्राचा हुकूम चालतो.

केंद्राच्या हुकमाचं मूळ १९३४ च्या विमान कायद्यातल्या कलम ९अ मध्ये. विमानतळाच्या संदर्भ बिंदूपासून (म्हणजे विमानतळाची जागा दाखवणाऱ्या ठरलेल्या बिंदूपासून) जास्तीत जास्त २० किलोमीटरच्या त्रिज्येत बांधकाम आणि झाडं यांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार केंद्राला त्यातून मिळाला. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. रोजच्या कामात मात्र आपला संबंध येतो तो ३० सप्टेंबर २०१५ ला अधिसूचित झालेल्या उंचीविषयक नियमांशी, म्हणजे कार्यालयात ज्याला अधिसूचनेच्या क्रमांकावरून नुसतं '७५१' म्हणतात त्याच्याशी. नागरी विमानतळ असेल तर ना-हरकत भारतीय विमानतळ प्राधिकरण देतं. विमानतळ लष्कराचा असेल तर ती लष्कराकडून घ्यावी लागते. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा आहे, तिथे प्रवासी विमानं कितीही उतरोत. तुमचा विमानतळ कोणाचा, हे आधी पक्कं करा. चुकीच्या दारात अर्ज देऊन वर्ष घालवलेले लोक मी पाहिलेत.

आता सात मजले आणि चार मजले. यात कोणाचा हात असेलच असं नाही, भूमिती पुरेशी आहे.

धावपट्टीच्या टोकाबाहेर ६० मीटरवरून एक अदृश्य उतरंड सुरू होते आणि लांब जाताना वर चढत जाते. मोठ्या विमानांच्या धावपट्टीसाठी पहिल्या ३ किलोमीटरांत तिचा चढ २ टक्के. म्हणजे सुरुवातीपासून ५०० मीटरवर ती धावपट्टीच्या टोकापेक्षा फक्त १० मीटर उंच असते, एक किलोमीटरवर २० मीटर. जाताजाता ती दोन्ही बाजूंना पसरतही जाते, म्हणून लोक तिला फनेल म्हणतात. चार मजली इमारत टाकी आणि लिफ्टच्या खोलीसकट साधारण १६ मीटर धरा, म्हणजे तिला ८०० मीटर अंतर लागेल. सात मजली २५-२६ मीटर, तिला जवळजवळ १३०० मीटर. एकाच सरळ रस्त्यावर दोन भूखंडांमध्ये ५०० मीटरचं अंतर असलं की झालं सात आणि चार.

धावपट्टीच्या बाजूला याहून कडक. तिथे धावपट्टीभोवती मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या कडेपासून सात मीटर बाजूला गेलं की एक मीटर उंची मिळते. पट्ट्यापासून ७० मीटरवर घर असेल तर १० मीटर, बस. याशिवाय विमानतळाच्या भोवती सुमारे ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक सपाट छत आहे असं समजा. तिथून पुढे ते ५ टक्के चढानं आणखी १०० मीटर वर जातं. एका भूखंडावर अशी दोन-तीन छतं येत असतील तर सगळ्यांत खालचं छत लागू. रडार किंवा दिशादर्शक यंत्रणा जवळ असेल तर तिच्या वेगळ्या मर्यादा.

आणि या सगळ्या उंच्या तुमच्या अंगणातून मोजलेल्या नसतात, समुद्रसपाटीपासून मोजलेल्या असतात. इथेच निम्मे घोटाळे होतात. समजा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे. सपाट छत आलं ६४५ वर. ज्याची जमीन ५८० मीटरवर, त्याला ६५ मीटर मिळाले. टेकडीवर ६३० मीटरला ज्याचा भूखंड, त्याला १५ मीटर. दोघांची जमीन विमानतळापासून सारख्याच अंतरावर आणि सातबाऱ्यावर सारखीच दिसते.

एका बांधकाम व्यावसायिकाने माझ्यासमोर ना-हरकत पत्र ठेवलं होतं, त्यावर कमाल उंची ७२ मीटर. मोठ्या खुशीत होता, वीस मजल्यांचं चित्रही काढून आणलं होतं. भूखंडाची स्वतःची उंची होती ४१ मीटर. म्हणजे हाती उरले ३१. वास्तुविशारदाने आकडा वाचला होता, त्याच्यापुढचे चार शब्द वाचले नव्हते. त्या माणसाने जमिनीचा भाव वीस मजल्यांच्या हिशेबाने दिला होता. म्हणून लोक तुमच्याकडे आले की पहिला प्रश्न हाच विचारा: भूखंडाच्या उंचीचा दाखला आहे का, आणि तो मोजणी करून आणलाय की मोबाइलवर बघून? मोबाइलवरची उंची दहा-दहा मीटरनी चुकते.

ना-हरकत पत्रातली उंची ही टोकाची उंची असते. पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, कठडा, वीजरोधक, मोबाइलचा मनोरा, जाहिरातीची पाटी, सगळं तिच्या आत. बांधकाम चालू असताना उभी राहणारी क्रेनसुद्धा त्यातून सुटत नाही. गच्चीवर मागाहून बसवलेला मनोरा हा माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा गुन्हा आहे, आणि त्याची परवानगी बहुधा नगरपरिषदेनेच दिलेली असते. इमारतींच्या ना-हरकतीला साधारणपणे आठ वर्षांची मुदत असते. प्रकल्प रखडला की ती निघून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

बहुतेक मोठ्या विमानतळांसाठी प्राधिकरणाने रंगीत नकाशे काढून दिलेत. चौकटी-चौकटींचे, प्रत्येक चौकटीत किती मीटरपर्यंत चालेल ते लिहिलेलं. लाल चौकट असेल तर अर्ज प्राधिकरणाकडेच जायला हवा. इतर रंगांमध्ये चौकटीतल्या उंचीच्या आतलं बांधकाम नगरपरिषदच मंजूर करू शकते, दिल्लीला विचारायची गरज नाही. "आपल्या हातात काही नाही" म्हणणाऱ्या कार्यालयात हा नकाशा भिंतीवर आहे का, तेवढं बघा. जाताजाता एक सावधगिरी: पुणे-पिंपरीकडे 'रेड झोन' म्हटलं की लोकांना देहूरोड, दिघीच्या दारूगोळा डेपोभोवतीचा पट्टा आठवतो. त्याचा कायदा वेगळा, १९०३ चा. या नकाशातला लाल रंग आणि तो रेड झोन यांचा काडीचा संबंध नाही, पण दलाल दोन्ही मिसळून भाव पाडतात.

ना-हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ते फक्त 'याच्या वर जाऊ नका' असं सांगणारं पत्र आहे. परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तुमचीच, आणि तपासायची जबाबदारीही तुमची. जोता तपासताना भूखंडाची उंची कागदाशी जुळते का, भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी टोकाची उंची मोजली का, हे दोन टप्पे पाळले तर पुढचं सगळं टळतं. टळलं नाही तर काय होतं ते मुंबईने पाहिलंय. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ इमारतींच्या आड येणाऱ्या भागांवर कारवाई करायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. ते काम महापालिकेने करावं, असा पवित्रा जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूने घेतला गेला होता, तो न्यायालयाने मान्य केला नाही. १९९४ च्या अडथळे पाडण्याच्या नियमांत शेवटचा हातोडा जिल्हाधिकाऱ्यांचाच आहे. पण त्या इमारतींत राहणाऱ्यांच्या दृष्टीने बघा. त्यांनी घर घेतलं तेव्हा हे सगळं कोणाच्या टेबलावर तपासलं जायला हवं होतं?

आता तुमच्या अधिकाराकडे येतो, कारण खरी चूक तिथे होते.

नगररचना अधिनियमाचं कलम २२ वाचा, शेवटपर्यंत. विकास आराखड्यात कोणती जमीन कशासाठी हे ठरवण्याबरोबरच इमारतींची संख्या, आकार, उंची, मजले आणि स्वरूप यांचं नियमन करण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे केंद्राने २० मीटर दिले म्हणून आराखड्यात २० द्यायलाच हवेत असं नाही, १२ ठेवता येतात. केंद्राच्या छतापेक्षा वर जाता येत नाही, खाली राहायला कोणी अडवत नाही. त्याहून मोलाचा आहे वापराचा अधिकार. प्राधिकरणाच्या ना-हरकतीत इमारत किती उंच एवढंच बघतात. आत पाळणाघर आहे की टायरचं गोदाम, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. १५ मीटर उंचीची शाळा फनेलच्या बरोबर मधोमध बांधायला ना-हरकत मिळते, कारण उंची बसते. मी अशा एका शाळेत गेलोय. विमान आलं की बाई थांबतात, फळ्याकडे बघत उभ्या राहतात, आवाज गेला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. ती जागा शाळेसाठी आरक्षित करणाऱ्या आराखड्यावर सही एका नगररचनाकाराचीच होती. आरक्षण टाकताना लोकसंख्येमागे किती शाळा हवी याचं कोष्टक त्याने बघितलं होतं, धावपट्टी कुठल्या दिशेला आहे ते बघितलं नव्हतं.

म्हणून विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होईल तेव्हा त्यावर धावपट्टीची रेषा दोन्ही टोकांनी वाढवून काढायला सांगा, आणि तिच्यावर रंगीत नकाशा ठेवायला. सुधारित आराखड्याचं अर्धं शहाणपण या एका कागदातून येतं. त्या पट्ट्यात शाळा, रुग्णालय, वृद्धाश्रम, वसतिगृह यांची आरक्षणं आली असतील तर ती सरकवा. गोदामं, शीतगृहं, वाहनतळ, कारखान्यांच्या शेड, रोपवाटिका, शेती यांना तिथे जागा द्या. यातल्या बहुतेकांना उंची लागत नाही, आवाजाची फिकीर नसते, आणि विमानतळाजवळ असण्याचा फायदाच होतो. दाट वस्ती आणू नका. त्यात आवाज हे एक कारण. उड्डाण आणि उतरणं हेच प्रवासातले सगळ्यांत धोक्याचे क्षण, आणि दुर्दैवाने काही झालंच तर खाली किती माणसं असतील हे आराखडाच ठरवतो, हे दुसरं. जून २०२५ मध्ये अहमदाबादला उड्डाणानंतर काही क्षणांत विमान कोसळलं ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर. त्या अपघाताशी इमारतींच्या उंचीचा संबंध नव्हता. प्रश्न जागेचा होता.

पक्षी हा दुसरा विषय, आणि तो सरळ सरळ नगरपरिषदेचा. १९३७ च्या विमान नियमांतल्या नियम ९१ ने विमानतळाच्या संदर्भ बिंदूपासून १० किलोमीटरच्या आत जनावरं कापणं, सोलणं आणि पक्षी जमतील असा कचरा टाकणं यांना बंदी घातली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावभूमी विमानतळापासून २० किलोमीटर दूर ठेवायला सांगितलं, १० ते २० च्या दरम्यान करायची तर विमान खात्याची किंवा हवाई दलाची ना-हरकत. घार इंजिनात गेल्यावर काय होतं हे वैमानिकाला विचारा. पण घार तिथे का आली, हे तुमच्या आरोग्य निरीक्षकाला विचारायचं. मटण-मासळी बाजार, उघडी कचराकुंडी, चिकनच्या दुकानांमागचा नाला, या गोष्टी आराखड्यात आणि रोजच्या सफाईत दिल्ली येऊन बघणार नाही.

इथे एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो, कारण हरकती-सूचनांच्या सुनावणीत हीच तुमच्या अंगावर येणार. जमीनमालक म्हणतील, आमच्या भाकरीवर पाय का? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. विमान कायद्यात भरपाईची तरतूद कलम ९ब मध्ये होती, पण न बांधलेल्या मजल्यांची भरपाई हातात पडलेला मालक मला तरी भेटलेला नाही. मग नगररचनेने काय करावं? उंची कमी असेल तर एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, वाया जातो, कारण मजले चढत नाहीत. अशा पट्ट्यात जास्त जागा व्यापू देणं, बाजूचं अंतर थोडं कमी करणं, न वापरता आलेला एफएसआय शहरात दुसरीकडे नेऊ देणं, या वाटा विचारात घेता येतात. यातलं काहीही नगरपरिषद ठराव करून परस्पर करू शकत नाही. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली राज्याची आहे. फेरबदल कलम ३७ खाली शासनाकडे पाठवावा लागतो आणि शासनाने मंजूर करावा लागतो. पण प्रस्ताव पाठवायला सभागृहाला कोणीही रोखलेलं नाही, आणि तो तुमच्याकडून गेला नाही तर मंत्रालयात कोणाला तुमच्या फनेलची आठवण होणार?

आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन) आणि क्षेत्र (जमिनीच्या वापराचा झोन) यांत मात्र गल्लत करू नका. जमीन आराखड्यात 'हिरवी', म्हणजे शेती क्षेत्र, रंगवायची आणि विमानतळाच्या विस्ताराला ती पुढे स्वस्तात मिळावी असा डाव असेल, तर त्यात सही करू नका. विस्ताराला जमीन हवी असेल तर ती मोबदला देऊन संपादित व्हावी. आरक्षण टाकलंत तर कलम १२७ चं घड्याळ सुरू होतं: दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. ना-विकास क्षेत्र किंवा शेती क्षेत्र असं व्यपगत होत नाही, म्हणूनच त्याचा वापर जपून करायचा. फनेलमधल्या दहा एकरांना शेती क्षेत्रात ठेवायला लेखी कारण आहे. लगतच्या पन्नास एकरांना ते कारण लागू पडत नाही.

शेवटची गुंतागुंत: तुमचा अधिकार राज्य तुमच्याकडून काढून घेऊ शकतं. कलम ४० खाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं की त्या क्षेत्रात परवानगी त्यांची. नवी मुंबई विमानतळाच्या भोवतीच्या 'नैना' क्षेत्रासाठी जानेवारी २०१३ मध्ये सिडकोला असंच नेमलं गेलं, आणि गावांचे रस्ते, नगररचना योजना, शेतकऱ्यांना परत मिळणारे भूखंड हे सगळं तिथून ठरू लागलं. विमानतळ प्रत्यक्ष सुरू झाला २०२५ च्या डिसेंबरात. म्हणजे विमानतळ सुरू होण्याच्या जवळजवळ तेरा वर्षं आधी जमिनीची चावी दुसऱ्याकडे गेली होती. पुरंदरला पारगाव, खानवडी, एखतपूर, कुंभारवळण या भागात प्रस्तावित विमानतळाच्या जमिनीवरून जे चाललंय ते तुम्ही वाचतच असाल. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीकडे नियोजनाचा अधिकार मुळात नसतोच. तुमच्याकडे आज तरी आहे.

सातमजलीवाल्या आणि चारमजलीवाल्या, दोघांनाही एकदा नगररचना विभागात बोलवा. रंगीत नकाशा टेबलावर उघडा, दोन्ही भूखंडांवर पेन्सिलने टिंब करा, दोन्ही चौकटींतले आकडे मोठ्याने वाचा, आणि त्यातून दोघांच्या जमिनीची उंची वजा करा. वजाबाकी जुळली तर संशय तिथेच मिटेल. जुळली नाही, तर सातमजलीची भोगवटा प्रमाणपत्राची फाइल त्याच बैठकीत मागवा.